‘बोथट’च्या उलट काय?
‘बोथट करणे’ला एकच विरुद्धार्थी शब्द शोधत बसू नका, आधी कर्म, म्हणजे क्रिया कशावर होते ते पाहा. सुरीला धार लावतात, पेन्सिलीला टोक काढतात, बुद्धी तल्लख करतात. जोर कमी होण्याच्या जवळच्या अर्थांचंही तसंच: दुखणं ओसरतं, त्याच्या उलट बळावतं. द्रावण विरल (विरघळलेला पदार्थ कमी) असेल तर उलट ‘संहत’ (तो जास्त). क्रियापदाचं रूपही जुळवा: आपोआप झालं तर राग शमला–भडकला, पण कुणी केलं तर शमवला–भडकवला. नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे सगळीकडे ‘वाढवणे’. त्यातून प्रमाण कळतं, धार नाही. ‘पाजळणे’ मात्र फार जपून वापरा. शस्त्र पाजळलं म्हणजे धारदार केलं, पण ‘अक्कल पाजळली’ हा सरळ टोमणा. शंका आली तर कर्मासकट मोठ्याने वाचा. ‘दुखण्याला धार लावली’ कानाला लगेच खटकतं.