‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करणार, मॅडम?

“मॅडम, नाव कुठे जाणार नाही ना?”

विद्यापीठाच्या आवारात समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला १४ वर्षं झाली. हा प्रश्न किती वेळा ऐकला, याची मोजदाद मी केव्हाच सोडली. मुलं-मुली आधी दार नीट लागलंय का ते बघतात, मग हा प्रश्न विचारतात आणि मग बसतात. पुढचं वाक्यही ठरलेलं. “तक्रार केली तर काम जाईल.” किंवा प्लेसमेंटला नाव मागे पडेल, गाइड नाराज होतील, घरी पत्र जाईल.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. सुरक्षिततेचं किंवा शिस्तीचं परिपत्रक निघालं की त्या आठवड्यात हा प्रश्न जास्त येतो. अशा परिपत्रकाने मुलांना धीर यायला हवा, तर ती आणखी गप्प होतात. बरीच वर्षं मी त्याचं कारण मुलांच्या मनात शोधत होते. ते अर्धंच बरोबर होतं, हे मला एका मुलीने दाखवलं. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

ती सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. घरात पावरी बोलतात, शाळेत मराठी शिकली. ‘कमवा व शिका’ योजनेत तिला ग्रंथालयात काम मिळालं होतं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे, रात्री आठला सुटायचं. तासांच्या वहीवर तिथल्या एका भाऊसाहेबांची सही लागायची. सही नाही तर तास नाहीत आणि तास नाहीत तर पैसे नाहीत.

ती आली ती झोप लागत नाही म्हणून. भाऊसाहेब तिच्या बोलण्याची नक्कल करतात, “तुम्हाला काय, सगळं फुकटच” म्हणतात, हे पहिल्या दोन भेटींत तुकड्यातुकड्याने आलं.

“कुणाला सांगितलंस?”

“नाही. काम काढून घेतील.”

“कोण काढून घेईल?”

“तेच. त्यांनीच दिलंय ना.”

त्या ‘दिलंय’पाशी मी थांबले. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. प्रसंग माणसाला त्रास देतोच, पण त्या प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ तो त्रास टिकवून ठेवतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडून आमची पिढी शिकली. इतक्या वर्षांत माझ्या कानाला एक सवय लागली आहे. माणूस सगळ्यात सहज म्हणून जो शब्द बोलून जातो, त्यातच बहुतेक वेळा गाठ असते. या मुलीने आपलं काम म्हणजे उपकार असा अर्थ लावला होता. उपकार करणाऱ्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं?

मी विचारलं, “ऑफिसात पांढऱ्या दाढीच्या एका माणसाचा फोटो आहे, पाहिलायस?”

“कर्मवीर.”

“हो. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्मांची मुलं तिथे एकत्र राहायची, एका पंक्तीला जेवायची, श्रम करून शिकायची. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद.’ यात फुकट हा शब्द कुठे बसतो?”

ती काही बोलली नाही. मीही ताणलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने हातातलं उत्तर पुढे सरकवू नये, असं माझं ठाम मत आहे. पटायचं ते माणसाला आपल्याच हिशोबाने पटतं.

आणि तिने खरोखरच हिशोब केला. तिसऱ्या भेटीला वहीचं मागचं पान उघडून तिने माझ्यासमोर धरलं. पेन्सिलने पाच-पाचच्या गड्ड्या मारलेल्या, चार उभ्या रेघा आणि एक आडवी. पानभर.

“महिन्यात अकराशे चाळीस पुस्तकं लावली मी,” ती म्हणाली. “मोजली. हे फुकट नाही.”

त्या पानाकडे मी बराच वेळ बघत राहिले. मान वर करून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. आणि त्याच दमात जे आतापर्यंत आलं नव्हतं ते आलं. भाऊसाहेब हल्ली म्हणतात, “सहीला घाई करू नको, सगळे गेल्यावर ये.”

मी पाणी प्यायले. मग तिला सरळ सांगितलं की ही आता फक्त टोमण्यांची गोष्ट राहिलेली नाही, आणि यापुढची प्रत्येक गोष्ट तुला विचारूनच होईल.

त्याच आठवड्यात एक परिपत्रक निघालं होतं. गेटजवळ एका विद्यार्थिनीच्या हातातला मोबाइल हिसकावला गेला, त्यानंतरचं. चौथ्या भेटीला ती ते घेऊन आली, चार घड्या घातलेलं. मी म्हटलं, “मोठ्याने वाच.”

“सर्व विद्यार्थी व विद्यार्थिनींना याद्वारे सूचित करण्यात येते की, परिसरात कोणत्याही प्रकारचा गैरप्रकार आढळल्यास संबंधितांवर नियमानुसार कडक कारवाई करण्यात येईल. विद्यार्थिनींनी सायंकाळी सातनंतर विनाकारण परिसरात फिरू नये. याची सर्वांनी गांभीर्याने नोंद घ्यावी.”

ती थांबली. “मी आठला सुटते.”

“हो.”

“म्हणजे मी पण गैरप्रकार?”

मला उत्तर सुचलं नाही. तिने पुन्हा कागदात पाहिलं. “आणि हे ‘करण्यात येईल’ म्हणजे कोण करणार, मॅडम?”

अशी शेकडो परिपत्रकं मी वाचली आहेत. काहींचे मसुदे मीच तपासून दिलेत, आणि ‘करण्यात येईल’ हे माझ्या हातूनही गेलं आहे. त्या क्रियापदामागे माणूसच उभा नाही, हे मला इतक्या वर्षांत खटकलं नव्हतं. तिच्या मनातली एक समजूत चुकीची होती, ती तिची तिने मोडली. पण तिची भीती ही चुकीची समजूत नव्हती. वसतिगृहाच्या भिंतीवर चिकटवलेला कागद तिने नीट वाचला होता, एवढंच. काय करू नये ते त्यात होतं, कुणाला शिक्षा होईल तेही होतं. सांगितल्यानंतर सांगणाऱ्याचं काय होणार, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी तिला म्हटलं, “याच कागदाच्या मागे लिही, तुला काय कळायला हवं होतं.”

दहा मिनिटं लागली तिला. चारच ओळी लिहिल्या.

मी सांगितलं तर माझ्या तासांवर सही कोण करणार?
दुसऱ्या दिवशी मी कामाला कुठे जायचं?
घरी पत्र जाणार का?
लायब्ररी ते होस्टेल दिवा कधी लावणार?

लिहून झाल्यावर ती खुर्चीत मागे टेकली. खांदे उतरले होते. तीन आठवडे जिचं नावही घेता येत नव्हतं, ती भीती चार प्रश्न होऊन टेबलावर पडली होती, आणि प्रश्न घेऊन कुणाच्या तरी दारात जाता येतं.

तिच्या परवानगीने, नाव न सांगता, मी ते प्रश्न आधी विद्यार्थी विकास मंडळाच्या संचालकांकडे आणि मग कुलगुरूंकडे नेले. कुलगुरू म्हणाले, “हे सगळं नियमांत आहेच, मॅडम.”

“आहे सर. पण होस्टेलच्या भिंतीवर नाही.”

त्यांनी नियम मागवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत लिहिलंच आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं किंवा परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून चौकशी चालू असताना दूर ठेवता येतं, आणि दोघांपैकी एकाची जागा बदलता येते. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कित्येक वर्षं कपाटात पडून होती. तिसऱ्याचं उत्तर साधं होतं. ती सज्ञान आहे, तिला विचारल्याशिवाय घरी कळवायचं नाही.

आठवड्याने नवं पत्र निघालं. त्याची सुरुवात ‘मी’ने होती आणि खाली कुलगुरूंची सही होती. तक्रार केली म्हणून कुणाचंही काम बंद होणार नाही, तासांवर दुसऱ्या विभागाचे अमुक अधिकारी सही करतील, ‘कमवा व शिका’ची मुलं आठला सुटतात तेव्हा त्या वाटेवर सुरक्षारक्षक असेल. ‘सातनंतर फिरू नये’ हे वाक्य गेलं. पत्र मराठीत आणि इंग्रजीत होतं, आणि रेक्टर मॅडमनी ते जेवणाच्या वेळी मेसमध्ये वाचून दाखवलं.

तिने लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज दिला. तिथे काय झालं ते मी लिहिणार नाही, ती गुप्तता तिची आहे. तिचा एकही दिवस बुडाला नाही, दुसऱ्या विभागात काम चालू राहिलं, एवढं सांगते.

कुलगुरू, प्राचार्य आणि विभागप्रमुख हे वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगते. तुमच्याकडे रोजगार, सुरक्षितता आणि समान वागणूक यांच्या तीन फायली आहेत, तीन कक्ष आहेत, तीन परिपत्रकं निघतात. या मुलीच्या दिवसात मात्र त्या तिन्ही गोष्टी पाच ते आठच्या दरम्यान, एकाच माणसासमोर, एका सहीसाठी उभ्या होत्या. तिने कोणत्या कक्षात जायचं होतं? म्हणून एकच दार ठेवा, आतून फाइल कुठे पाठवायची ते तुमचं तुम्ही बघा. पत्र काढण्याआधी ते अशा एखाद्या विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, ज्याला त्या पत्राची सगळ्यात जास्त गरज आहे. तो जिथे अडखळेल तिथे तुमचं वाक्य चुकलंय. आणि महिन्याभराने दुसरं पत्र काढा, पहिल्यातलं काय झालं आणि काय राहिलं ते सांगणारं. हे दुसरं पत्र सहसा निघतच नाही. मुलांचा विश्वास मात्र मी त्यानेच बसताना पाहिला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असायला हवा. याचा मला मनापासून आनंद आहे. पण समुपदेशक नेमला म्हणजे मुलांशी बोलण्याचं काम त्याच्यावर सोपवलं, असं कुणी समजू नये. माझ्या खोलीत मुलगी सावरते. बाहेर पडल्यावर तिला परत तोच अंधारा रस्ता दिसला तर माझे चार तास वाया जातात.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. योग्य कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. जात, धर्म, भाषा यांवरून कुणी हिणवलं तर समान संधी कक्षाकडे जा. त्याची तरतूद २०१२ पासून आहे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तक्रार करायची की नाही हे अजून ठरलं नसलं तरी आजच तारीख, वेळ आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. आणि भीती वाटत असेल तर तिला कागदावर प्रश्न विचारायला लावा. ‘भीती वाटते’ असं लिहू नका. ‘सही कोण करणार’ असं लिहा.

चौथ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागला. खांब कुणाच्या हद्दीत, खर्च कुठल्या शीर्षाखाली, निविदा कधी. दिवा लागला तेव्हा परीक्षा संपून ती गावी गेली होती. संध्याकाळी घरी निघताना मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला.

रात्री उशिरा तिचं उत्तर आलं.

“छान लागलाय मॅडम. त्याच्या पुढच्या खांबाचा पण बंद आहे. उद्या सांगाल का? नाहीतर मीच अर्ज पाठवते.”