वॉर्डातला रेफरन्स विद्यार्थ्यांना कसा शिकवावा?

आपण मानसोपचार विभागात नुकतेच शिक्षक म्हणून रुजू झाला आहात, आणि दोन आठवड्यांच्या पोस्टिंगला येणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना इतर वॉर्डांतून येणारे रेफरन्स, म्हणजे 'आमचा रुग्ण येऊन पाहा' असे कॉल, दाखवावेत की त्यांना ओपीडीतच बसवावे, असे विचारले आहे. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे हे काम करतो. माझ्या मते रेफरन्स आधी दाखवावेत, ओपीडी नंतर. यांतले बहुतेक जण पुढे मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो किंवा गावातली प्रॅक्टिस करणार आहेत. म्हणजे आपल्याला कॉल पाठवणारे डॉक्टर उद्या हेच असणार आहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांना रुग्णाकडे नेतच नाही, त्यांच्या हातात कॉलबुक, म्हणजे हे कॉल लिहून येतात ती वही, देतो. 'पेशंट सहकार्य करत नाही, कृपया पाहावे' एवढेच तिथे लिहिलेले असते. हे कोणी लिहिले, आजच का लिहिले आणि त्यांना आपल्याकडून नेमके काय हवे आहे, हे त्यांनी त्या रेसिडेंटला फोन करून विचारायचे. मग कळते की रुग्णाने रात्री सलाईन उपटले, किंवा तो घरी जायचे म्हणतो आहे आणि ऑपरेशनची संमती द्यायला तयार नाही. या दोन्हींची उत्तरे पूर्णपणे वेगळी आहेत. दुसऱ्या बाबतीत प्रश्न आजाराचा नसून निर्णयक्षमतेचा असतो: सांगितलेले त्याला समजते का, ते स्वतःला लागू आहे हे पटते का, पर्यायांचा विचार तो करू शकतो का, आणि आपली निवड सांगू शकतो का. 'नाही' म्हणणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो, हे विद्यार्थ्यांच्या इतक्या लवकर कानावर पडलेले बरे.

फोननंतर केसपेपर, टेम्परेचर चार्ट, सोडियमचा रिपोर्ट, औषधांचा तक्ता, आणि त्यानंतर सिस्टर. रात्रपाळीच्या सिस्टरांची नोंद मी मुद्दाम मोठ्याने वाचायला लावतो. डिलिरियम, म्हणजे शारीरिक आजारामुळे किंवा औषधामुळे अचानक येणारी भ्रमिष्ट अवस्था, संध्याकाळनंतर वाढतो आणि आपण जातो सकाळी अकराला, तेव्हा रुग्ण शांतपणे चहा पीत असतो.

एक प्रसंग सांगतो. कीटकनाशक घेतलेला एक तरुण शेतकरी, तिसरा दिवस, कॉलमध्ये 'असंबद्ध बडबड, व्हायोलंट' असा शेरा. विद्यार्थी खाटेपाशी पोहोचले तेव्हा तो हवेतले न दिसणारे दोरे चिमटीत धरून ओढत होता. एका विद्यार्थिनीने पाठ केल्याप्रमाणे विचारले, "दादा, तुम्हाला कानात आवाज येतात का?" मी तिला थांबवून म्हटले, "आधी त्यांच्या कपाळाला हात लावा." कपाळ तापलेले आणि कोरडे होते, जीभ लाकडासारखी, बाहुल्या विस्फारलेल्या, सकाळीच कॅथेटर काढला होता आणि मूत्राशय ओटीपोटावर हाताला लागत होते. खाटेच्या डोक्याशी अ‍ॅट्रोपिनचे ठिबक चालू होते. विषावरचा उतारा आता स्वतःच भ्रम निर्माण करत होता. मेडिसिनच्या रेसिडेंटला तिथेच बोलावले, त्याने छाती तपासून ठिबक थांबवले आणि काही वेळाने कमी वेगाने पुन्हा सुरू केले; आमच्याकडून एकही गोळी गेली नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या वॉर्डांत हे चित्र वारंवार दिसते, आणि 'मानसिक' शब्द दिसला की शरीर तपासायचे विसरण्याची खोड यापेक्षा चांगल्या रीतीने मोडत नाही.

डिलिरियम ओळखण्याची १९९० साली प्रसिद्ध झालेली पद्धत चार मुद्द्यांची आहे. अचानक सुरुवात व चढउतार, आणि लक्ष न टिकणे, हे दोन हवेतच; शिवाय विचारांतील विस्कळीतपणा किंवा जाणिवेच्या पातळीतला बदल, यांपैकी एक. मुद्दे सगळ्यांना पाठ असतात, अडते ते लक्ष तपासण्यावर. शाळेत न गेलेल्या आजींना शंभरातून सात वजा करायला सांगून काहीच सिद्ध होत नाही. त्यांना रविवारपासून वार उलटे म्हणायला सांगावे. तारखेऐवजी "आजी, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो, आणि आज कोणता वार?" असे विचारावे. इंग्रजीत शिकलेल्या विद्यार्थ्याला हे प्रश्न मराठीत बसवायलाच दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस मी आनंदाने देतो.

दारूचे सांगायचे तर ऑर्थोच्या वॉर्डात फ्रॅक्चरवाला रुग्ण तिसऱ्या दिवशी घामाघूम होऊन थरथरू लागला की दारू सुटल्याचा विचार आधी करावा, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्यावे. एवढे पुरे.

पुन्हा त्या शेतकऱ्याकडे येतो, कारण तो दोन दिवसांनी शुद्धीत आला तेव्हा शिकवण्याचा दुसरा भाग सुरू झाला. मावशींना सांगून पडदा लावला, नातेवाइकांना चहाला पाठवले. "जिवाचे बरेवाईट करावे असे अजून मनात येते का?" हे वाक्य त्या विद्यार्थिनीला आदल्या दिवशी माझ्यासमोर चारदा म्हणायला लावले होते, कारण विचारल्याने कल्पना डोक्यात भरेल ही भीती सगळ्यांनाच असते. ती भीती निराधार आहे. तिने विचारले, आणि तो बराच वेळ बोलला. याच ठिकाणी कायदाही सांगावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, अन्यथा सिद्ध होईपर्यंत असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे असते आणि त्याच्यावर खटला चालवायचा नसतो. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद होते म्हणून विद्यार्थी रुग्णाला आरोपी समजून बोलू लागतात, ते तिथल्या तिथे थांबवावे.

सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचार, हे काही नवे खूळ नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मानसोपचार विभाग १९३८ साली सुरू झाला, त्याआधी १९३३ साली कोलकात्यात. तरी आजही आपल्याकडे कॉल येतो तो बहुधा डिस्चार्जच्या दिवशी, ही माझी जुनी तक्रार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे केले, त्याचा उपयोग मी इंटर्नकडून कॉलच लिहून घेण्यासाठी करतो.

मूल्यमापनासाठी लॉगबुकातल्या सह्यांवर विसंबू नका. विद्यार्थ्याने लिहिलेले रेफरन्सचे उत्तर पाहा: पहिल्या ओळीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, मग त्याचे कारण, मग आज रात्री सिस्टरांनी काय करायचे, आणि आपण पुन्हा कधी येणार. पानभर मेंटल स्टेटस (मानसिक अवस्थेची तपासणी) लिहिले तर वॉर्डात ते कोणी वाचत नाही. आणि ज्याने रुग्ण पाहिला त्यानेच दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, हा नियम मी कधी मोडू दिलेला नाही. त्या विद्यार्थिनीची पोस्टिंग संपली होती तरी ती डिस्चार्जपर्यंत रोज दुपारी त्या खाटेपाशी जात असे.