वाचकांचे प्रश्न : सुगंधी शॉवर जेल, लोशन आणि अंगावरचे पुरळ

प्रश्न : मला भेट मिळालेल्या एका संचात लव्हेंडरच्या वासाचे शॉवर जेल, लोशन, स्नानाचे मीठ आणि इसेन्शियल ऑइलची छोटी बाटली होती. मी हे सगळे एकाच दिवशी वापरले आणि दोन दिवसांनी कोपरांच्या आतल्या बाजूला खाज सुटून बारीक पुरळ आले. मला नेमके काय मानवले नाही, हे घरी ओळखता येईल का? तेल नैसर्गिक आहे, मग तेवढे तरी वापरू का?

उत्तर : पुरळ दोन दिवसांनी आले हे तुम्ही आवर्जून कळवलेत, ते फार बरे झाले. सुगंधी द्रव्यांची त्वचेवरील ॲलर्जी बहुधा एक ते तीन दिवसांनी उमटते आणि तोवर आपण काय लावले होते हे विसरून गेलेले असतो. तूर्त चारही वस्तू बाजूला ठेवा, त्वचा पूर्ववत होऊ द्या आणि मगच एका वेळी एकच वस्तू तपासा.

सुरुवात लोशनपासून करावी, कारण ते धुतले जात नाही, तासन्‌तास अंगावर राहते. (युरोपीय संघात लव्हेंडरमधील लिनालूल या सुगंधी द्रव्याचा उल्लेख ज्या प्रमाणापुढे वेष्टनावर करावाच लागतो, ती मर्यादा धुऊन टाकायच्या उत्पादनांसाठी 0.01 टक्के, तर अंगावर राहणाऱ्यांसाठी 0.001 टक्के आहे, ती याचसाठी.) हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर ते दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावावे. जेलची चाचणी घेताना मात्र ते नेहमीइतकाच वेळ, फार तर पाच मिनिटे, ठेवून धुवावे. फेसाळ पदार्थ तासभर तसाच ठेवला, तर धडधाकट त्वचाही लाल होते आणि आपण उगाच सुगंधाला दोष देतो.

माझा अधिक संशय तेलाच्या बाटलीवर आहे. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज कृपया मनातून काढून टाका. लिनालूल हवेच्या संपर्कात हळूहळू बदलते आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये मूळ द्रव्यापेक्षा कितीतरी अधिक ॲलर्जी करतात. म्हणूनच अर्धी रिकामी, वारंवार उघडलेली जुनी बाटली टाकून द्यावी. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. पाण्यात दोन थेंब टाकून नीट पाहा : त्यांची चकाकणारी वर्तुळे वरच तरंगत राहतात आणि अंग बुडवताच तो थेंब जसाच्या तसा, कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत जाऊन बसतो. मिठात मिसळूनही हे टळत नाही, कारण मीठ विरघळते आणि तेल पुन्हा वर येते. चाचणीसाठीसुद्धा हे तेल काहीही न मिसळता थेट लावू नये.

मीठ शेवटी पाहिले तरी चालेल. पुढे सुगंध नकोसा झाला, तर वेष्टनावर ‘अनसेंटेड’ नव्हे, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हे शब्द शोधा. पहिल्या प्रकारात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते.

चाचणीत खाज आली, तर लगेच धुऊन तिथेच थांबावे. पुरळ पसरले किंवा पुन्हा उठले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते संशयित द्रव्ये असलेल्या पट्ट्या पाठीवर लावून 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा त्वचा तपासतात. चेहरा सुजला किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर मात्र क्षणभरही वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जाताना चारही वस्तू वेष्टनांसह बरोबर न्या, कारण घटकांची यादी अनेकदा बाटलीवर नसून खोक्यावर असते.