डिपेंड्समध्ये काय घालायचं

डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी तू बनवलेल्या पॅकेजची कंट्रोल फाइल, म्हणजे त्याची माहिती देणारी फाइल, पाहिली. तिच्यातल्या डिपेंड्स या यादीत अकरा पॅकेजांची नावं आहेत, त्यातली निम्मी तिथे नकोत. डेबियनमध्ये डिपेंड्सचा अर्थ साधारण असा: हे नसेल तर माझ्या पॅकेजचं मूळ काम होणार नाही. बहुतेकांना हवं असतं, पण त्यावाचून मूळ काम अडत नाही, ते रेकमेंड्स या दुसऱ्या यादीत टाक. एपीटी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारं साधन, तेही सहसा आपणहून बसवतं, आणि नको असेल त्याला काढता येतं. डिपेंड्समधलं काढायला गेलं की सोबत तुझं पॅकेजही जातं, हा खरा फरक.

तुझा प्रोग्राम फोटोंची नावं बदलतो. एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळणारं साधन लागतं ते फोल्डरमध्ये व्हिडिओ सापडला तरच. मग नुसते फोटो असणाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर एफएफएमपेग आणि त्याला लागणाऱ्या पॅकेजांचा सगळा गोतावळा कशाला? रेकमेंड्स पुरे.

प्रोग्रामला लागणाऱ्या सी भाषेतल्या लायब्ररींची नावं हाताने लिहू नकोस. डीपीकेजी-शलिबडेप्स (dpkg-shlibdeps) हे साधन बायनरी, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम, तपासून ती स्वतः भरतं. शेल स्क्रिप्टमधून बोलावलेल्या कमांड मात्र त्याला दिसत नाहीत, त्या तुलाच ओळीओळीने शोधाव्या लागतील. माझं पहिलं पॅकेज तिथेच फसलं होतं: माझ्या मशीनवर ती कमांड आधीपासून होती, म्हणून लक्षातच आलं नाही.

तेव्हा पाठवण्याआधी कोऱ्या क्रूटमध्ये (chroot, म्हणजे मशीनवरच वेगळ्या फोल्डरात उभारलेली स्वतंत्र, फक्त मूलभूत पॅकेजं असलेली प्रणाली), रेकमेंड्स बंद ठेवून, एकदा बसवून चालवून बघ.