बसवायचं राहिलं

"मॅडम, गेममधल्या खोट्या कुत्र्यापायी पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. डोक्यावर परिणाम झाला असेल का?"

चोपड्याकडची आई जळगावच्या माझ्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा सातवीतला. सोबत आजोबा, पिशवी मांडीवर घेऊन गप्प. वडील केळीच्या कापणीत अडकलेले.

मी सवयीनं विचारलं, "दिवसाला किती वेळ खेळतोस?" पोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. चूक माझी. घरात मयत झालेल्याला आपण दवाखान्याचं बिल विचारत नाही.

"नाव काय होतं त्याचं?"

"शेरू."

मग तो बोलायला लागला. माइनक्राफ्ट या गेममध्ये रानातला लांडगा हाडं देऊन माणसाळवावा लागतो. एका हाडात जमेलच असं नाही. याची सात गेली. जमलं की गळ्यात पट्टा येतो. जखमी झाला की त्याची शेपटी खाली जाते, मांस भरवलं की पुन्हा वर येते. मालक लांब गेला तर तो आपोआप जवळ येऊन उभा राहतो, म्हणून धोक्याच्या जागी जाताना त्याला आधी बसवून ठेवायचं. हा हिरे शोधायला खाणीत उतरला. शेरू मागोमाग आला, सांगाडा दिसताच त्याच्यावर धावला आणि लाव्ह्यात पडला.

"मी त्याला बसवायला विसरलो."

एवढंच होतं ते. घरातले खरं की खोटं यावर भांडत होते आणि पोरगा आपल्या चुकीपाशी अडकला होता. त्यानं शेरूची समाधीही बांधली होती, दगडाची, शेजारी पेटीत एक हाड. वडिलांनी रागात गेम काढून टाकला, त्यासरशी ती समाधीही गेली. जेवण सुटलं ते त्यानंतर. लांडगा मेला त्या रात्री तो रडत रडत का होईना, जेवला होता.

आईला म्हटलं, हे वेड नाही. ज्याला रोज भरवलं, जपलं, त्याच्यावर जीव जडतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार आहे, पण त्यात खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान होऊनही न थांबणं हे पाहतात, तेही साधारण १२ महिने. याची शाळा नीट, मित्र नीट. जेवण-झोप पुढंही बिघडलेलीच राहिली तर लगेच या. "दुसरा पाळ की" एवढं मात्र म्हणू नका. आणि वडिलांनी एकदा सांगावं, समाधी गेली हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आई मान हलवत होती, पण तिला पटलं असं मला वाटलं नाही. तेवढ्यात आजोबा पहिल्यांदा बोलले, पोराकडे न बघता.

"मन्हा सर्जा कवळी जवारी खाईसन मरी गया. दावं मीच सैल ठेयेल व्हतं."

पोरानं मान वळवली. "मंग?"

"मंग काय. त्या पोयाले त्यानी झूल कोनलेच घाली नही."

पोरगा जरा वेळ थांबला. मग विचारलं, "आजून शे का ती झूल?"