परदेशी गेलेल्या माणसाची ओळख खरंच हरवते का?

तुम्ही विचारलंय की डायस्पोरा साहित्यात, म्हणजे मायदेश सोडून परदेशी वसलेल्यांच्या लेखनात, जिकडेतिकडे ‘ओळख हरवली’ हेच रडगाणं का असतं, आणि वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करावी.

एम.ए.ला हा विषय घेतला तेव्हा माझीही हीच तक्रार होती. समीक्षा आधी वाचली की असं होतं. तिथे प्रत्येक स्थलांतरित दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेला असतो. मग कादंबऱ्या हातात घेतल्या, तर त्यातली माणसं घरभाडं, नोकरी नाहीतर एखाद्या कागदाच्या मागे धावताना दिसली. आपल्याकडचा ‘परदेशस्थ’ हा शब्दही घोळ घालतो. तो ऐकला की सुस्थितीतला, सुट्टीत येऊन जाणारा नातेवाईक डोळ्यांसमोर येतो. या साहित्यातली बरीच माणसं तशी नाहीत.

म्हणून माणूस घरातून निघाला कसा, हे आधी बघा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. १८३४ पासून मॉरिशसला, १८३८ पासून गयानाला, १८४५ पासून त्रिनिदादला, १८७९ पासून फिजीला हिंदुस्थानातून माणसं करारावर नेली गेली. करार बहुतेक पाच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं बोलण्यात ‘गिरमिट’ झालं आणि तो करणारे झाले गिरमिटिये. एका अख्ख्या समाजाला नाव मिळालं ते कागदावरून, आणि तो कागद त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचताही येत नव्हता.

कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल अशाच एका गिरमिटिया घराण्यात त्रिनिदादला जन्मले. माणूस म्हणून ते मला खटकतात, त्यांची मतं तर जास्तच. पण ‘ए हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) मधली एक छोटीशी जागा मी विसरू शकत नाही. संध्याकाळी काही म्हातारे जमतात आणि हिंदुस्थानात परत जायच्या गोष्टी करतात. जायची संधी खरोखर येते, तेव्हा त्यातले बरेच जण जात नाहीत. इथला तात्पुरतेपणा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो आणि तो मोडायचीच त्यांना भीती वाटते. ‘मी इथला की तिथला’ असा काथ्याकूट त्यात नाही. ‘जाऊ, जाऊ’ म्हणत आयुष्य निघून गेलं, एवढंच. आणि खुद्द बिस्वासला हिंदुस्थान नकोच आहे. त्याला सासुरवाडीच्या गोतावळ्यातून सुटून स्वतःचं घर हवंय. शेवटी ते मिळतं, तेही डोक्यावर कर्ज घेऊन आणि बांधकामात फसून.

हाच ‘जाऊ, जाऊ’ त्रिनिदादच्याच सॅम सेल्वनच्या ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) या लंडनमधल्या कॅरिबियन स्थलांतरितांवरच्या कादंबरीत पुन्हा भेटतो. १९४८ च्या कायद्याने वसाहतींतली माणसं ब्रिटिश नागरिक ठरली. त्याच साली ‘एम्पायर विंड्रश’ जहाजातून कॅरिबियनमधले लोक इंग्लंडला उतरले, ते परक्या देशात आलो असं मानून नव्हे. परके आहात हे त्यांना तिथे पोचल्यावर कळवलं गेलं. खोली भाड्याने मागताना, नोकरी मागताना. पुढे १९६२ च्या कायद्याने दार बरंचसं लोटून घेतलं. आणि लहानपणापासून तिथेच वाढलेल्यांना म्हातारपणी पुरावे मागितले गेल्याचं प्रकरण २०१८ मध्ये उघडकीला आलं. आता यांची ओळख हरवली म्हणायची की कुणी काढून घेतली?

म्हणून मला ‘हरवते’ हे क्रियापदच पटत नाही. ओळख विचारली जाते, आणि विचारणारा बहुतेक वेळा कचेरीतल्या खिडकीच्या पलीकडे बसलेला असतो.

१९६५ नंतर अमेरिकेचा कायदा बदलला आणि शिकलेले लोक आपखुशीने गेले. त्यांचं लेखन वेगळं पडतं. तिथे हळहळ जास्त, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणं लेखनही जास्त. तरी झुंपा लाहिरींच्या ‘द नेमसेक’ (२००३) मध्ये कागद आहेच. बाळाचं नाव आईच्या आजीने पत्रातून कळवायचं असतं, पण ते पत्र पोचतच नाही. इस्पितळाला जन्मदाखल्यासाठी नाव हवं असतं, म्हणून घाईत ठेवलेलं हाक मारायचं नाव मुलाला चिकटतं. लेखिका भारती मुखर्जींनी तर ‘एशियन-अमेरिकन’ असं जोडचिन्ह लावून घ्यायलाच नकार दिला. मी अमेरिकन लेखिका आहे, म्हणाल्या. त्यांच्यावर टीका झाली, पण मला त्यांचा हट्ट समजतो.

सुरुवात सेल्वनपासून करा. पुस्तक लहान आहे. निवेदनसुद्धा कॅरिबियन बोलीतल्या इंग्रजीत आहे, त्यामुळे पहिली दहाएक पानं अडखळायला होईल. ती मोठ्याने वाचा. मग बिस्वास. समीक्षा त्यानंतर, आणि तीही वाटलीच तर.