मूळ चित्राच्या मालकाने परवानगी दिली म्हणजे प्रिंट अधिकृत होते का?

प्रश्न: एका दिवंगत चित्रकाराच्या अमूर्त चित्रांच्या दोन प्रिंट मी एका गॅलरीकडून ऑनलाइन घेतल्या. 'अधिकृत, मर्यादित आवृत्ती' असं प्रमाणपत्र आणि बिल माझ्याकडे आहे. एक प्रिंट भिंतीवर आहे, दुसरी विकायची म्हणून मी जाहिरात टाकली. आता चित्रकाराच्या मुलीच्या वकिलांची नोटीस आली आहे: या प्रिंट विनापरवाना छापल्या आहेत, 15 दिवसांत दोन्ही आमच्या ताब्यात द्या, शिवाय नुकसानभरपाई द्या. गॅलरी म्हणते, मूळ चित्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच छापायची परवानगी दिली. मी काय करू?

उत्तर: आधी ती जाहिरात काढा, आजच. जाहिरातीतले प्रिंटचे फोटोही काढा. प्रिंट फाडू नका, कुणाला देऊ नका आणि 'पाठवा, पैसे परत करतो' असं गॅलरी म्हणाली तरी लेखी काही ठरल्याशिवाय परत पाठवू नका. त्या प्रिंट हाच तुमचा पुरावा आहे.

तुमच्या अडचणीचं मूळ गॅलरीच्या उत्तरातच आहे. चित्र विकत घेणाऱ्याला कॅनव्हास मिळतो, त्याच्या प्रती काढायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार तो हक्क सहसा चित्रकाराचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे सहीनिशी लेखी द्यावा लागतो. नुसता छापण्याचा परवानाही लेखीच लागतो. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, त्यामुळे एके काळी खरं असलेलं पत्रही आज संपलेलं असू शकतं. एक अपवाद मात्र तपासून घ्या. ते चित्र कुणी मोबदला देऊन खास काढून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 नुसार कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. गॅलरी ज्यांना मूळ चित्रांचे मालक म्हणते ते त्यातले असतील तर सगळं प्रकरण पालटेल. म्हणून गॅलरीला लेखी विचारा: परवानगी कुणी दिली, कोणत्या तारखेला, कोणत्या हक्काने आणि किती प्रतींसाठी? कागदाची प्रतही मागा.

हक्काची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं असते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे 2001 मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क 2061 अखेरपर्यंत आहे; चित्रकार सय्यद हैदर रझा 2016 मध्ये गेले, म्हणजे 2076 अखेर. उलट कँडिन्स्की आणि मोंड्रियान हे युरोपातले अमूर्त चित्रकार दोघेही 1944 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांची प्रिंट आपल्याकडे कुणाच्याही परवानगीविना छापता येते. तिथे 'अधिकृत' या शब्दाला कायद्याचं बळ नाही.

आता तुमचं प्रमाणपत्र काढून नीट पाहा. त्यावर सही कुणाची आहे? फक्त गॅलरीची असेल तर ते विकणाऱ्याने स्वतःच्या मालाबद्दल केलेलं विधान आहे, हक्कधारकाची परवानगी नव्हे. प्रिंटच्या खालच्या कडेला पेन्सिलने 14/100 (शंभरातली चौदावी प्रत) असा आकडा आणि शेजारी चित्रकाराची सही असेल, तर छपाईचं वर्ष आणि चित्रकाराच्या मृत्यूचं वर्ष ताडून पाहा. मृत्यूनंतर छापलेल्या प्रिंटवर चित्रकाराने स्वतः सही केलेली असू शकत नाही. संग्राहक रंग आणि कागद पारखण्यात तास घालवतात आणि हे एक मिनिटाचं काम राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्यावर काय येऊ शकतं? प्रिंट घरात लावणं हा गुन्हा नाही. कलम 63 खाली शिक्षा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला आहे आणि तुम्ही बिल व प्रमाणपत्र घेऊन विश्वासाने खरेदी केलीत. पण नोटीस हाती पडल्यापासून 'मला माहीत नव्हतं' हा बचाव संपला. जाहिरातीबाबत कायदा 'व्यापार म्हणून' विक्रीला ठेवण्याबद्दल बोलतो, तेव्हा एका संग्राहकाची एकच जाहिरात त्यात बसत नाही, असा युक्तिवाद करता येईल. प्रत्यक्ष विकलीत तर तोही हातचा जाईल.

प्रिंटच्या ताब्याबद्दल मात्र तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. कलम 58 नुसार विनापरवाना प्रती कॉपीराइटच्या मालकाच्याच समजल्या जातात. प्रत कायदेशीर आहे असं मानायला तुमच्याकडे सबळ कारण होतं हे सिद्ध केलंत, तर त्या प्रतींच्या अपहारापोटी (म्हणजे दुसऱ्याचा माल स्वतःचा म्हणून वापरल्यापोटी) भरपाई मागता येत नाही. ताबा मात्र मागता येऊ शकतो. अर्थात त्याआधी वारस असल्याचा कागद, हक्क पूर्वी कुणाला विकला नसल्याची खात्री आणि प्रिंट विनापरवाना असल्याचा पुरावा त्यांनी द्यायला हवा. उत्तरात हे मागा. माफी किंवा कबुलीचं एकही वाक्य लिहू नका.

पैशांची वाट गॅलरीकडे जाते. माल विकण्याचा हक्क आपल्याला आहे, ही विक्रेत्याची हमी मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 14 मध्ये गृहीतच आहे. नसलेली मान्यता आहे असं सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. गॅलरी तुमच्या जाहिरातीकडे बोट दाखवून 'हे व्यापारी आहेत, ग्राहक नाहीत' म्हणेल. खरेदी संग्रहासाठी होती हे दाखवणारे तेव्हाचे ईमेल, फ्रेमचं बिल, जे असेल ते आत्ताच जमवा.

मला विचाराल तर चित्रकाराच्या मुलीशी भांडू नका. तिच्या वडिलांच्या चित्रांच्या प्रती कुणी तरी न विचारता छापून विकत असेल, तर तिचा राग रास्त आहे आणि फसवणूक तुम्हा दोघांचीही झाली आहे. वकिलांमार्फत असा प्रस्ताव ठेवा: गॅलरीचे सगळे कागद तिला देईन, दुसरी प्रिंट सुपूर्द करीन, विक्री करणार नाही असं लिहून देईन, भिंतीवरची प्रिंट तिच्या लेखी संमतीने माझ्याकडे राहू द्यावी आणि भरपाईची मागणी सोडावी. तिला खरं हवं आहे ते छापणाऱ्याचं नाव आणि ते सिद्ध करणारे कागद तुमच्याकडे आहेत.